टोमॅटो आणि फ्लॉवरवर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी: एका हंगामाच्या कामाच्या नोंदी

लागवडीपूर्वी: आखणी

टोमॅटो आणि फ्लॉवर या दोन पिकांवर जस्त, लोह आणि बोरॉन यांच्या फवारण्या वेगवेगळ्या करून त्यांतील कोणती खरोखर कामाची ठरते हे पाहणे, एवढाच या कामाचा हेतू आहे. सगळी सूक्ष्म अन्नद्रव्ये एकत्र असलेले तयार मिश्रण मारले आणि पीक हिरवे झाले, तर ते नेमके कशामुळे झाले हे कधीच कळत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा सगळेच मारावे लागते. म्हणून तयार मिश्रणालाही या कामात एक उमेदवार म्हणूनच जागा दिली आहे.

माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) ८.२ आणि मुक्त चुना ११ टक्के आला. डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने मातीतून काढलेले जस्त दर दशलक्ष भागांत ०.५ भाग, लोह ३.९ भाग आणि गरम पाण्यात विरघळणारे बोरॉन ०.६ भाग आहे. जस्तासाठी ०.६, लोहासाठी ४.५ आणि बोरॉनसाठी ०.५ ही किमान पातळी सर्वसाधारणपणे धरली जाते. म्हणजे जस्त आणि लोह थोडे कमी आहेत आणि बोरॉन काठावर आहे. मंगल (मँगनीज) आणि तांबे पुरेसे आहेत. मॉलिब्डेनम यादीतून मुद्दाम वगळले, कारण त्याची टंचाई आम्लधर्मी जमिनीत भासते. चुनखडीच्या जमिनीत ते पिकाला उलट सहज मिळते. ज्यांच्या जमिनीचा सामू साडेपाचच्या आसपास आहे, त्यांनी फ्लॉवरसाठी याच्या नेमका उलटा विचार करावा.

क्षेत्र दहा गुंठे आहे. त्यापैकी सात गुंठ्यांत टोमॅटो आणि तीन गुंठ्यांत फ्लॉवर. टोमॅटोत पाच प्रकार ठेवले आहेत: केवळ पाणी आणि स्टिकर (द्रावण पानावर पसरून चिकटावे म्हणून टाकायचे द्रव्य), जस्त, लोह, बोरॉन, आणि तयार मिश्रण. प्रत्येक प्रकार वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेकदा येईल अशी मांडणी केली, कारण शेताला खालच्या टोकाकडे उतार आहे आणि तिथे ओल जास्त काळ टिकते. सगळी लोहाची झाडे वरच्या बाजूला आणि सगळी पाण्याची खालच्या बाजूला आली असती, तर मोजमापाला काहीच अर्थ उरला नसता. पाण्याच्या तुकड्यावर पाणी मारण्याचा खटाटोप अनेकांना व्यर्थ वाटतो; पण फवारणीने पाने धुतली जातात, काही किडी खाली पडतात, आणि तेवढ्यानेही पीक टवटवीत दिसते. तो फरक वजा करण्यासाठीच हा तुकडा आहे.

लागवडीपूर्वी: पाणी, पिशव्या आणि बरणी

फवारणीसाठी वापरायच्या पाण्याचा सामू पट्टीने तपासला असता तो आठच्या वर निघाला. पाणी जड आहे. भांड्यात उकळले की पांढरा थर बसतो. ही गोष्ट पुढे सर्वांत महागात पडली, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

झिंक सल्फेट घेताना पिशवीवरचे बारीक अक्षर वाचणे आवश्यक आहे. सात रेणू पाण्याच्या स्फटिकांत जस्त २१ टक्के असते आणि एका रेणूच्या भुकटीत ३३ टक्के. शिफारशींत बहुधा पहिले गृहीत धरलेले असते. आठ लिटर पाण्यात ०.५ टक्के द्रावणासाठी पहिले ४० ग्रॅम लागते. तेवढेच जस्त दुसऱ्यातून सुमारे २५ ग्रॅमांत मिळते. दुसऱ्याचे ४० ग्रॅम टाकल्यास मात्रा दीडपटीहून अधिक होते आणि कोवळ्या पानांच्या कडा करपण्याची शक्यता वाढते.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरव्या रंगाचे असावे. घरात आधीपासून पडून असलेल्या पिशवीत वरचा थर पिवळट तपकिरी झाला होता. हवेशी संयोग होऊन त्यातील लोहाचे रूप बदललेले असते आणि ते पानाच्या फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून ती पिशवी बाजूला ठेवून नवी आणली. बोरॉनसाठी टाकणखाराऐवजी बोरिक आम्ल घेतले. टाकणखारात बोरॉन सुमारे ११ टक्के आणि बोरिक आम्लात १७ टक्के असते. शिवाय टाकणखार पाण्याचा सामू वाढवतो, आणि आमचे पाणी आधीच वरच्या बाजूला आहे.

सगळी द्रावणे काचेच्या बरणीत अर्धा तास ठेवून पाहिली. चुन्याने सौम्य केलेल्या झिंक सल्फेटमध्ये १२:६१:० हे स्फुरदयुक्त विद्राव्य खत मिसळताच दुधासारखा गढूळपणा आला आणि तळाशी पांढरा साका बसला. कॅल्शियम नायट्रेट आणि झिंक सल्फेट यांची घट्ट द्रावणे एकत्र केल्यावरही तेच झाले. स्फुरदयुक्त खते आणि कॅल्शियम हे दोन्ही या फवारण्यांतून बाद केले.

दिवस १५: पहिली फवारणी

दिवस रोपलागवडीपासून मोजले आहेत. रोपे लहान असल्याने प्रत्येक प्रकाराला तीन लिटर द्रावण पुरले. एकरी दोनशे लिटर हे माप भरलेल्या पिकासाठी आहे. लहान रोपांवर ते वापरले तर अर्धे द्रावण जमिनीवर जाते. पानाच्या टोकावर थेंब जमू लागला की पुढे सरकावे, तो गळेपर्यंत थांबू नये.

जस्ताच्या द्रावणात लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम चुना असे प्रमाण घेतले. चुना थेट टाकल्यावर नोझल सारखे तुंबू लागले. प्रत्येक वेळी ते उघडायचे, ब्रशने साफ करायचे आणि पुन्हा बसवायचे, यात जितका वेळ गेला तितका प्रत्यक्ष फवारणीला लागला नाही. पुढच्या वेळी चुना आदल्या रात्री भिजवून वरची निवळी कापडातून गाळून घ्यायची असे ठरले. निवळीत चुना कमी उतरतो, म्हणून सामू पट्टीवर साडेसहाच्या जवळ आला की थांबायचे.

लोहाची फवारणी मात्र वाया गेली. हिराकस थेट पाण्यात टाकल्यावर द्रावण आधी हिरवट दिसले आणि फवारणी अर्ध्यावर येईपर्यंत चहासारखे तपकिरी झाले. पंपाच्या तळाशी गंजासारखा गाळ बसला होता. जड, अल्कधर्मी पाण्यात हेच होते: विरघळलेले लोह हवेशी आणि पाण्यातील बायकार्बोनेटशी संयोग पावून अविद्राव्य होते, आणि पानावर पडतो तो केवळ गंज. पाणी आम्ल करण्यासाठी लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) आणलेले होते. परंतु ते हिराकस टाकल्यानंतर मिसळले, आणि तोवर गाळ तयार झालेला होता.

दिवस २२

लोहाच्या तुकड्यांत काहीही फरक नाही. पानांवर तपकिरी ठिपके आहेत, ते बोटाने चोळले की निघतात. मधल्या आणि खालच्या भागातील झाडांची कोवळी पाने पिवळी पडू लागली आहेत. शिरा हिरव्या, त्यांच्यामधला भाग फिकट, आणि अगदी शेंड्याची पाने जवळजवळ पांढरट. खालची जून पाने हिरवीच आहेत. मॅग्नेशियमची कमतरता असती तर पिवळेपणा जून पानांपासून सुरू झाला असता. वर्णन लोहाच्या केवड्याशी, म्हणजे लोह कमी पडल्याने येणाऱ्या पिवळेपणाशी जुळते. परंतु मंगल कमी पडले तरी शिरांमधला भाग पिवळा होतो आणि जस्ताच्या टंचाईतही पाने फिकट होऊन लहान राहतात. नुसते पाहून ठरवण्यापेक्षा पानालाच विचारणे बरे.

दिवस २३: ब्रशने केलेली चाचणी

ही चाचणी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात फ्रान्समध्ये ग्री या संशोधकांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोहक्षाराचे द्रावण लावून ती हिरवी करून दाखवली होती. त्याला आजही पर्याय नाही असे म्हणणार नाही, परंतु इतक्या कमी कष्टात इतके स्पष्ट उत्तर देणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

मधल्या भागातील पाण्याच्या तुकड्यातून सारख्याच पिवळेपणाची झाडे निवडली. प्रत्येक झाडावर शेंड्यापासून तिसऱ्या पानाची एक पर्णिका घेऊन मधल्या शिरेच्या केवळ उजव्या बाजूला बारीक ब्रशने द्रावण लावले आणि डावी बाजू तशीच ठेवली. लोहासाठी हिराकस ०.५ टक्के व लिंबूसत्व ०.१ टक्के, जस्तासाठी झिंक सल्फेट ०.५ टक्के, मंगलासाठी मँगनीज सल्फेट ०.३ टक्के. प्रत्येकात स्टिकरचा एक थेंब टाकला. द्रावण वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवर लावले. लोहाच्या पर्णिकेला लाल दोरा, जस्ताच्या पर्णिकेला पांढरा आणि मंगलाच्या पर्णिकेला निळा. दोरा देठाला सैल बांधावा. घट्ट बांधल्यास देठ दबून पान त्याच कारणाने पिवळे पडते आणि निष्कर्ष चुकतो.

यावेळी लिंबूसत्व आधी पाण्यात विरघळवले, पट्टीने सामू पाचच्या खाली आल्याची खात्री केली आणि मगच हिराकस टाकले. द्रावण संध्याकाळपर्यंत फिकट हिरवेच राहिले.

दिवस २९: चाचणीचे उत्तर आणि दुसरी फवारणी

लाल दोऱ्याच्या पर्णिकांवर चौथ्या दिवशी सुईच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसले होते. जिथे थेंब टिकला तिथेच ते उमटले होते. आज ते एकमेकांत मिसळून उजवी बाजू बऱ्यापैकी हिरवी झाली आहे आणि मधल्या शिरेवर रंगाची सरळ रेघ पडली आहे: एकीकडे हिरवे, दुसरीकडे पिवळे. लोह एकाच पर्णिकेत शिर ओलांडून पलीकडे गेलेले नाही. मग ते एका पानातून दुसऱ्या पानात जाईल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानांना पुन्हा फवारावे लागते याचे कारण इथे डोळ्यांनी दिसते.

पांढऱ्या दोऱ्याच्या पर्णिकांत अगदी किंचित फरक आहे. तो आहे की मला हवा आहे म्हणून दिसतो, हे खात्रीने सांगता येत नाही. निळ्या दोऱ्याच्या पर्णिकांत काहीच नाही.

दुसरी फवारणी संध्याकाळी उन्हे उतरल्यावर केली. दुपारच्या कोरड्या उन्हात द्रावण काही मिनिटांत वाळते, क्षार पानावर स्फटिकरूपात राहतो, आत कमी जातो आणि करपवतो जास्त. संध्याकाळी हवेत आर्द्रता असते, थेंब सावकाश वाळतो. मात्र इतका उशीर करू नये की पाने रात्रभर ओली राहतील, कारण टोमॅटोवर करप्याला तेवढेच निमित्त पुरते. नोझल पोकळ शंकूच्या फवाऱ्याचे वापरले आणि नळी खालून वर फिरवून पानांच्या खालच्या बाजूवरही द्रावण जाईल असे पाहिले.

फवारण्यांचा क्रमही आता निश्चित केला आहे: आधी केवळ पाणी, मग बोरॉन, मग जस्त, मग लोह, शेवटी मिश्रण. प्रत्येक दोन द्रावणांच्या मध्ये पंप, नळी आणि नोझल स्वच्छ पाण्याने धुवावे लागते. पाच प्रकार म्हणजे संपूर्ण संध्याकाळ. ज्यांना प्रयोग करायचा नसून केवळ उपचार करायचा आहे, त्यांचे हे काम अर्थातच पुष्कळ कमी होते.

बोरॉन याच वेळी दिले, कारण पहिल्या गुच्छातील कळ्या दिसू लागल्या आहेत. बोरिक आम्ल लिटरला १ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. परागनलिका वाढण्यासाठी बोरॉन लागते, म्हणून ते फूल उमलण्याआधी पोहोचले पाहिजे. फुलगळ सुरू झाल्यावर धावपळ करून मारलेले बोरॉन गळलेल्या फुलांना परत आणत नाही. या अन्नद्रव्यात टंचाई आणि विषबाधा यांच्यामधले अंतर फार थोडे असते. बोरिक आम्ल थंड पाण्यात हळू विरघळते. ते आधी थोड्या कोमट पाण्यात ढवळून घेतले. न विरघळलेले कण तळाशी राहिले तर शेवटच्या झाडांना भलतीच मात्रा मिळते.

दिवस ३६: खालचा भाग

लोहाचे वरचे आणि मधले तुकडे स्पष्टपणे हिरवे झाले आहेत. खालचा तुकडा मात्र फवारणीनंतर आठवडाभरातच पुन्हा पिवळा पडला. तिथल्या मातीचा गोळा हातात घेऊन दाबला तर बोटांना चिखल लागतो. वाफसा येतच नाही. ठिबक संचाची वेळ संपूर्ण शेताला एकच होती आणि उताराने वरचे पाणीही तिथेच उतरत होते. चुनखडीच्या जमिनीत ओल साचून राहिली की बायकार्बोनेट वाढते, मुळांना हवा मिळत नाही आणि लोह घेण्याची त्यांची क्षमताच खुंटते. अशा मुळांवर उभ्या असलेल्या झाडाला वरून कितीही लोह दिले तरी ते आजच्या पानापुरते.

खालच्या टोकाला चर काढला आणि त्या भागातील ठिबकची वेळ निम्मी केली. यामुळे प्रयोगाची शुद्धता बिघडते हे खरे, कारण आता खालच्या भागात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. परंतु पीक डोळ्यांदेखत वाया जाऊ देण्याइतके ते मोजमाप मोलाचे नाही.

दिवस ४२: करपलेला तुकडा

दोन दिवसांपूर्वी ढगाळ हवा पाहून कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करायची होती. फेरी वाचावी म्हणून लोहाच्या वरच्या तुकड्यावर ते लोहाच्या द्रावणातच मिसळून मारले गेले. बरणीतील चाचणीत ते मिश्रण उत्तम दिसले होते. गढूळपणा उलट कमी झाला आणि रंग अधिक स्वच्छ निळसर हिरवा आला. आज त्या तुकड्यातील कोवळ्या पानांच्या कडा करड्या होऊन आत वळल्या आहेत आणि पानभर लहान, कोरडे, खोलगट डाग आहेत.

कारण त्या स्वच्छ रंगातच होते. तांब्याचे हे बुरशीनाशक पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळेच पानाला सुरक्षित असते. लिंबूसत्वाने द्रावण आम्ल झाले, तांबे विरघळले आणि मोकळे तांबे थेट पानात शिरले. बरणीत साका बसला नाही म्हणजे मिश्रण चालते, हा समज इथे पूर्णपणे खोटा ठरतो: साका बसणे हे नोझलसाठी वाईट, साका विरघळणे हे पानासाठी वाईट. आम्लधर्मी कोणत्याही द्रावणात तांब्याचे बुरशीनाशक मिसळू नये, आणि दोहोंमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे.

या तुकड्याची वाढ थांबली आहे. उत्पन्नाच्या तुलनेतून तो वगळावा लागेल.

दिवस ४५: फ्लॉवर

फ्लॉवरची लागवड टोमॅटोबरोबरच झाली होती. त्यावर केवळ बोरॉन आणि पाणी असे दोनच प्रकार ठेवले आहेत. पहिल्या फवारणीत स्टिकरची मात्रा टोमॅटोइतकीच ठेवली होती आणि ती अपुरी पडली. फ्लॉवरच्या पानावर मेणाचा निळसर थर असतो. द्रावण म्हणजे अळवावरचे पाणी, गोल थेंब होऊन देठाकडे घरंगळून गेले. स्टिकर त्याच्या वेष्टनावरील कमाल मर्यादेपर्यंत वाढवल्यावर थेंब पसरू लागले. हिराकसाची फवारणी गड्डा धरल्यानंतर फ्लॉवरवर करू नये, कारण गड्ड्यावर पडलेले डाग निघत नाहीत; टोमॅटोतून वाऱ्याने उडालेल्या तुषारांमुळे कडेच्या ओळीतील काही गड्ड्यांवर तसे डाग पडलेच.

दिवस ५४: पानांचा अहवाल

फुलोऱ्याच्या सुरुवातीला नुकत्याच पूर्ण वाढलेल्या पानांचे नमुने तपासणीसाठी दिले होते. अहवाल यायला बराच काळ लागला आणि आल्यावर त्याने गोंधळच वाढवला: पाण्याच्या तुकड्यातील पिवळ्या पानांतही लोह पुरेसे असल्याचे त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळेची चूक नाही. चुनखडीच्या जमिनीतील केवड्यात पानात एकूण लोह भरपूर असूनही ते कामाच्या रूपात नसते, आणि पानावरची धूळही एकूण आकडा फुगवते. फवारलेल्या पानांचा नमुना तर धुऊनही भरवशाचा राहत नाही. जस्त आणि बोरॉन यांच्यासाठी हा अहवाल उपयोगी आहे: जस्त किमान पातळीच्या किंचित वर, बोरॉन पुरेसे. लोहासाठी मात्र ब्रश आणि लाल दोरा यांनीच अधिक खरे सांगितले.

दिवस ६३: बुडाशी काळे डाग

पहिल्या गुच्छातील काही फळांच्या बुडाशी काळपट, चामड्यासारखे डाग आले आहेत. बोरॉनच्या तुकड्यांतही आहेत, मिश्रणाच्या तुकड्यांतही आहेत. हा डाग फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचा आहे. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, पानांतून बाष्पीभवन जास्त असल्याने बरेचसे पानांकडेच जाते, आणि पानावर फवारलेले कॅल्शियम पानातून फळात फारसे उतरत नाही. डाग वरच्या भागात अधिक आहेत, जिथे चर काढल्यानंतरच्या आठवड्यात ठिबकची वेळ सगळीकडेच कमी केली गेली होती. वरच्या भागाची वेळ पूर्ववत केली आणि एकाच वेळी भरपूर पाणी देण्याऐवजी रोज थोडे दिले. पुढच्या गुच्छांत डाग जवळजवळ नाहीत. या दुखण्यासाठी पंप उचलला नाही, हेच बरे झाले.

दिवस ७२: फ्लॉवरची काढणी

गड्डे कापल्यावर देठ उभे चिरून पाहिले. पाण्याच्या तुकड्यातील काही देठ पोकळ आहेत, बोरॉनच्या तुकड्यातीलही काही पोकळ आहेत. फरक आहे तो पोकळीच्या आतील रंगात. पाण्याच्या तुकड्यात काही पोकळ्यांच्या कडा पाणी शोषल्यासारख्या आणि तपकिरी आहेत. बोरॉनच्या तुकड्यात त्या पांढऱ्या आणि कोरड्या आहेत. पांढरी पोकळी नत्र जास्त आणि वाढ फार वेगाने झाल्याने पडते, तिला बोरॉनचा इलाज नाही. तपकिरी कडा बोरॉनकडे बोट दाखवतात. दोन्ही एकाच शेतात असू शकतात, म्हणून पोकळ देठ दिसला की लगेच बोरॉन वाढवण्याचा सल्ला धोक्याचा आहे. गड्ड्यांच्या वजनात मला ठाम फरक आढळला नाही. तपकिरी पडलेले गड्डे मात्र बोरॉनच्या तुकड्यात एकही नव्हते.

टोमॅटोचे तोडे

प्रत्येक तुकड्याचे वजन वेगळे केले. ते काम कंटाळवाणे आहे आणि तोडणीचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवूनच अशा मांडणीला हात घालावा.

मधल्या भागात लोहाचा तुकडा पाण्याच्या तुकड्याच्या स्पष्टपणे पुढे राहिला, विशेषतः सुरुवातीच्या तोड्यांत. पुढे फरक कमी होत गेला. खालच्या भागात लोहाचा तुकडा थोडाच पुढे होता, आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चर काढल्यानंतर तिथल्या पाण्याच्या तुकड्यातही नवी पाने फवारणीविना हिरवी येऊ लागली होती. म्हणजे खालच्या भागातील केवड्याचा मोठा वाटा साचलेल्या पाण्याचा होता. वरचा लोहाचा तुकडा करपल्यामुळे मोजलेला नाही. अशा स्थितीत तीनपैकी दोनच तुलना उरतात आणि त्यांतील एक चराने प्रभावित आहे. त्यामुळे इतके टक्के वाढ मिळाली असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जस्ताच्या तुकड्यांत पेरे किंचित लांब आणि पाने मोठी होती, परंतु वजनात फरक तराजूच्या आणि झाडागणिक असणाऱ्या चढउताराच्या मर्यादेतच राहिला. टोमॅटोत बोरॉनचा फरक दिसला नाही. अहवालात ते पुरेसे होते, तेव्हा तसे व्हायलाच हवे. तयार मिश्रणाचा तुकडा लोहाच्या तुकड्याच्या बरोबरीने चालला, त्याच्या पुढे कुठेही गेला नाही. त्यातील उरलेली पाच अन्नद्रव्ये या शेताला नको होती.

हंगाम संपल्यावर: पुढच्या लागवडीसाठी ठरलेले

जस्त पुढच्या वेळी फवारणीतून देणार नाही. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट, म्हणजे या तुकड्याला अडीच किलो, शेणखतात मिसळून लागवडीपूर्वी एकदाच सरीत दिले की काम भागते आणि त्याचा परिणाम एकाहून अधिक पिकांना मिळतो. स्फुरदाच्या खताबरोबर ते एकाच थरात टाकायचे नाही. लोहाचे हिराकस मात्र या जमिनीत मातीतून देण्यात अर्थ नाही, ते चुन्यात अडकते. त्यासाठी फवारणीच राहील, परंतु केवडा दिसल्यावर, ब्रशची चाचणी करून, दहा-बारा दिवसांच्या अंतराने, नवी पाने हिरवी येईपर्यंतच. ठिबकच्या खालच्या भागाला वेगळी चावी बसवली आहे. बोरॉन फ्लॉवरला दोनदा, टोमॅटोला पानांचा अहवाल कमी दाखवेल तरच. तयार मिश्रणाचा उरलेला डबा कोरड्या जागी ठेवला आहे. तो रोपवाटिकेतील वाफ्यांवर वापरून संपवावा असा विचार होता, परंतु त्यातही बोरॉन असल्याने कोवळ्या रोपांवर आधी चार रोपांना मारून पाहिल्याशिवाय तो उघडणार नाही.